आरसा काढायचा नाही

ज्याच्या स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नाही त्यानं दुसऱ्यांचे केस कापायचा धंदा करावा, यावर आमच्या वॉर्डातल्या मुलांनी जेवढे विनोद केलेत तेवढे जगात कुणी केले नसतील. समोरचा सलूनवाला पहिल्यांदा आला, त्याच दिवशी सहा वर्षांच्या एका पोरीनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्हालापण ते केस जायचं लाल औषध चढवतात का?"

"नाही गं बाई. माझे लग्नाआधीच गेले. सासऱ्यांना जुना फोटो दाखवला होता, म्हणून जमलं."

तेव्हापासून तो टकलूकाका. आम्हीही त्याला तेच म्हणतो आणि तो ओ देतो.

बाहेरून पाहुणे येतात, त्यांना वाटतं, हा माणूस कॅन्सरच्या मुलांसाठी इतका जीव टाकतो म्हणजे याचंही काहीतरी दुःख असणार. डोळे ओले करून विचारतात, "तुमचं मूल...?" तो शांतपणे सांगतो, "तीन आहेत. तिन्ही ठणठणीत. कालच धाकट्यानं शेजाऱ्याची काच फोडली." पाहुण्यांचा अगदी हिरमोड होतो. मला मात्र फार बरं वाटतं. चांगलं वागायला घरात कुणी मेलेलंच असलं पाहिजे, हा काय नियम आहे?

मी या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. बावीस वर्षं झाली. तोंडाची फटकळ आहे, हे मीच सांगते, म्हणजे दुसऱ्यांचा त्रास वाचतो. गोष्ट टकलूकाकाची असली तरी यातली मोठी चूक माझी आहे, तीही आधीच सांगून टाकते. वॉर्डातले सगळे आरसे मी काढायला लावले होते.

बारा वर्षांच्या एका मुलीनं केस गेल्यावर बाथरूमच्या आरशात स्वतःला पाहिलं आणि दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी सुताराला बोलावलं. बाथरूममधला, कपाटाच्या दारावरचा, हात धुण्याच्या बेसिनवरचा, एकूण एक आरसा काढून तळघरात टाकला. सगळ्यांनी माझी वाहवा केली. किती मायेची सिस्टर! मुलांना बघवणार नाही असं मी म्हणत होते. खरं तर मला बघवत नव्हतं. हे कळायला मला सहा वर्षं आणि एक टकला माणूस लागला.

त्या वेळी केस काढायची आमची पद्धतही सांगते, लाज वाटली तरी. औषध सुरू झालं की केस पुंजक्यांनी गळतात, उशीवर, ताटात, तोंडात. म्हणून आधीच मशीन फिरवायचं. वॉर्डबॉय "थोडंसंच कापू हं बाळा" म्हणायचा, दोघं जण खांदे धरायचे आणि तीन मिनिटांत डोकं साफ. एक दिवस ते मशीन बिघडलं, म्हणून मी गेटासमोरच्या सलूनमध्ये निरोप पाठवला. हा पेटी घेऊन आला. चादर झटकली, इकडेतिकडे पाहिलं.

"आरसा कुठाय?"

"आमच्याकडे आरसा नसतो. मुलांना त्रास होतो."

"बाई, मी तीस वर्षं हेच करतोय. समोर आरसा नसेल तर ते केस कापणं नाही. मागून येऊन डोक्यात काठी घालणं आहे."

"हे हॉस्पिटल आहे. तुमचं सलून नाही."

"तेच म्हणतोय मी. सलूनमध्ये गिऱ्हाइकाला विचारतात."

आणि पेटी मिटून चक्क चालायला लागला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दारात थांबून म्हणाला, "दुपारी पोरं जेवायला बसली की त्यांचे चमचे बघा जरा."

चमच्यांचं काय बघायचं, म्हणून मी धुसफुसत राहिले. पण दुपारी बघितलं. खिडकीजवळची मुलगी चमच्याची पाठ तोंडासमोर धरून बसली होती. तिच्या शेजारची बंद टीव्हीच्या काळ्या काचेत डोकं डावीउजवीकडे वळवून बघत होती. एकीनं तर इंजेक्शनचा स्टीलचा ट्रे पळवून पांघरुणात ठेवला होता. मी आरसे काढले होते, बघणं कुठं काढलं होतं? चमच्यात नाक भोपळ्याएवढं दिसतं आणि डोकं सुपारीएवढं. सहा वर्षं ही पोरं स्वतःला तसं बघत होती. माझ्या मायेमुळं.

त्याच संध्याकाळी रस्ता ओलांडून मी त्याच्या सलूनमध्ये गेले. तो कुणाची तरी दाढी करत होता. मी दारातूनच म्हटलं, "मंगळवारी या. आरसा घेऊन."

तो आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाला, "कुणी पोरांचे खांदे धरायचे नाहीत."

"बरं."

"थोडंसंच कापू, असं खोटं सांगायचं नाही."

"बरं म्हटलं ना! लिहून देऊ का आता?"

चादरी ठेवायच्या खोलीत एक खुर्ची ठेवली, समोर त्याचा जुना, एका कोपऱ्यात टवका उडालेला आरसा. मंगळवारची दुपार त्याची. आधी तो मूल खुर्चीत बसवायचा, चादर गळ्याभोवती बांधायचा आणि मशीन मुलाच्याच हातात द्यायचा. डोक्यावर केस नसले तरी त्याच्या हातांवर अस्वलासारखे आहेत. "आधी माझ्यावर चालवून बघ. दुखलं तर मी ओरडतो." मूल त्याच्या हातावर एक पट्टा काढायचं. त्यामुळं बाराही महिने त्याचे हात उंदरांनी कुरतडलेल्या गालिच्यासारखे दिसतात. मग विचारायचा, "कापू का?" नाही म्हटलं तर चादर सोडायचा, "पुढच्या मंगळवारी ये." एका मुलीनं चार मंगळवार नाही म्हटलं. पाचव्याला तिचे केस आपोआप गेलेले होते. ती म्हणाली, "मी नाहीच कापू दिले." ती जिंकली होती आणि तो तिच्याएवढाच खूश.

पण खरी गंमत वेगळीच होती. सलूनवाला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून बोलत नाही, आरशाकडे बघून बोलतो. मुलांना हे फार सोयीचं पडलं. आम्ही मोठी माणसं काय करतो? पलंगावर बसतो, हात हातात घेतो, डोळ्यांत डोळे घालून विचारतो, "काय वाटतंय बाळा?" बाळ लगेच म्हणतं, "काही नाही." इथं मात्र कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दोघंही समोर. हात चादरीखाली, थरथरले तरी कुणाला दिसायचे नाहीत. मशीनची घरघर चालू. आणि मुलं बोलायची. शाळेतली मैत्रीण माझ्याजवळ बसेल का. आई बाथरूममध्ये नळ सोडून रडते ते मला ऐकू येतं. माझ्या बाजूच्या पलंगावरची मुलगी घरी गेली म्हणता, मग तिची चप्पल इथंच कशी?

तो सल्ला द्यायचा नाही. एकच नियम होता, खुर्चीत बसलेल्यानं खोटं बोलायचं नाही आणि खुर्चीमागच्यानंही नाही. मूल हो म्हणालं तरच मला येऊन सांगायचा. आमच्या समुपदेशक बाई वर्षभर त्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसत होत्या, शिकायला. मोठ्या मनाच्या होत्या, म्हणून बसल्या. मी असते तर बसले नसते.

आता वकीलबाईंचं सांगते.

दहा वर्षांची पोर. उलटतपासणीशिवाय गोळीसुद्धा घ्यायची नाही, म्हणून वकील. बाप टॅक्सी चालवायचा, आई कायम उशाशी. आजार एकदा गेला, परत आला, पुन्हा औषधं झाली आणि शेवटी मोठ्या डॉक्टरांनी आईबापाला खोलीत बसवून सांगितलं की हे औषध आता काम करत नाही, थांबवू या. यापुढं दुखू न देणं हेच औषध. घरी न्या, आमची दुखणं सांभाळणारी टीम घरी येईल. बापानं एवढंच विचारलं, "तिला कोण सांगणार आहे?" आणि कुणी उत्तर द्यायच्या आत म्हणाला, "कुणीही नाही. शब्द द्या." आई काहीतरी बोलायला गेली, त्यानं बोलू दिलं नाही. आम्ही शब्द दिला. मीही.

औषध थांबलं की काय होतं, माहीत आहे? केस येतात. मऊ, काळेभोर, कोवळ्या गवतासारखे. घरी न्यायचं बाप आज-उद्यावर ढकलत राहिला आणि वॉर्डातच रोज तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा. "बघ, केस येतायत! म्हणजे बरी होतेयस." खाली जाऊन टॅक्सीत बसून रडायचा आणि परत येऊन तेच म्हणायचा. आणि मी? मीसुद्धा एकदा तिची उशी नीट करताना म्हटलं, "वा, काय केस आलेत!" जीभ झडायला हवी होती माझी.

मंगळवारी वकीलबाई व्हीलचेअरवरून टकलूकाकाकडे गेल्या. कानांवरचे केस नीट करायचे होते. मी चादरी काढायच्या निमित्तानं तिथंच होते.

"काका, औषधानं केस जातात ना?"

"हो."

"म्हणजे औषध बंद झालं की येतात."

"हो."

"मग माझं औषध बंद केलंय. मी बरी झाले असते तर दुखलं नसतं. मला तर आधीपेक्षा जास्त दुखतं. मग बंद का केलं?"

त्यानं मशीन बंद केलं.

"मला माहीत नाही म्हणालो तर ते खोटं होईल," तो आरशाला म्हणाला. "पण हे सांगणं माझ्याकडे नाही, तुझ्या बाबांकडे आहे. ते सांगतील, एवढं मी बघतो."

"शब्द?"

"शब्द."

तासाभरात बापाला कळलं, कारण तिनं त्यालाच विचारलं. तो वॉर्डात असा ओरडला की सगळी मुलं पांघरुणात गेली. न्हाव्यानं माझ्या पोरीच्या मनात विष कालवलं! गेला तो थेट सुपरिंटेंडंट साहेबांकडे. संध्याकाळच्या आत माझ्या टेबलावर कागद आला. बाहेरच्या व्यक्तीस वॉर्डात प्रवेश नाही, आरसा काढावा. आरसा मीच काढला. दुसऱ्यांदा. आणि त्याच्या सलूनमध्ये परत पोचवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलबाईंनी तोंड मिटलं. दुखण्याचं गोड औषध असतं, ते दर चार तासांनी द्यावं लागतं, नाहीतर दुखणं वर चढतं आणि मग खाली आणणं कठीण. आईनं चमचा पुढं केला.

"हे कशाचं औषध?"

"बरं व्हायचं," बाप म्हणाला.

"मग नको. बरं व्हायचं औषध बंद झालंय. खरं सांगा, मग घेते."

आईनं विनवलं. डॉक्टर आले, मी आले. आम्ही सांगितलं, हे दुखू नये म्हणून आहे. ती म्हणाली, "कालपर्यंत तुम्ही म्हणालात बरी होतेयस. आज हे म्हणता. कोणतं खरं मानू?" दुपारी बारापर्यंत तिचे ओठ पांढरे पडले. गुडघे पोटाशी घेतलेले, उशीचा कोपरा दातांत. रडत नव्हती. बाप जिन्यात भिंतीला डोकं टेकून उभा होता आणि तरी म्हणत होता, "नाही. तिला नाही सांगायचं. ती घाबरेल."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "घाबरेल? ती तिथं एकटी घाबरून बसलीय आणि तुम्ही इथं! हे तिला वाचवणं नाही, दादा. तिला एकटं टाकणं आहे." आणि टेबलावरचा फोन उचलला. "टकलूकाका, आरसा घेऊन या. आत्ता."

"बंदी आहे ना?"

"माझी बदली होईल फार तर. तुम्ही या."

मागच्या दारानं नाही, तो मोठा आरसा काखेत मारून मुख्य दारातून आला. रखवालदारानं अडवलं तर म्हणाला, "सिस्टरनं बोलावलंय. त्यांना नाही म्हणायचं असेल तर वर जाऊन तुम्ही म्हणा." रखवालदार बाजूला झाला. माझ्या तोंडाचा हॉस्पिटलला झालेला हा पहिला फायदा.

वर आल्यावर त्यानं बापाकडे नीट पाहिलं. आठ दिवसांची दाढी, डोळे खोल गेलेले. बाप मूठ आवळून पुढं आला, पण हा अगदी सलूनमध्ये बोलावं तसं म्हणाला, "दादा, दाढी किती वाढलीय. चला, बसा." कोणास ठाऊक कसा, पण माणूस चादरींच्या खोलीतल्या त्या खुर्चीत येऊन बसला. दमलेल्या माणसाला बस म्हटलं की तो बसतो. यानं समोर आरसा टेकवला, चादर बांधली, फेस लावला, वस्तरा उघडला. मी वकीलबाईंची व्हीलचेअर ढकलत आणून मागं उभी केली, आई औषधाची बाटली घेऊन बाजूला. आरशात दोघं दिसत होती, पुढं फेसातला बाप, मागं त्याची पोर.

तो वळायला गेला.

"मान हलवू नका," टकलूकाका म्हणाला, "वस्तरा आहे."

उजवा गाल चालू झाला. खरखर, खरखर. मग मागून आवाज आला.

"बाबा, तू गाडीतला आरसा वर का फिरवून ठेवलायस?"

बापाचे डोळे मिटले.

"आधी मी मागं बसले की तू त्यातून माझ्याकडे बघायचास. वेडावून दाखवायचास. माझे केस गेल्यापासून तू तो छताकडे फिरवलायस. मी कशी दिसते ते तुला आवडत नाही का?"

"नाही गं," तो म्हणाला. "तू दिसलीस की मला रडू येतं आणि मग रस्ता दिसत नाही."

"मग आत्ता बघ. आत्ता कुठं गाडी चालवायचीय?"

त्यानं डोळे उघडले. वस्तरा गालापासून दूर झाला होता, पण तो वळला नाही. आरशातूनच तिच्याकडे बघत त्यानं सांगितलं. औषध काम करत नाही. डॉक्टरांनी खूप करून पाहिलं. आता आजार जाणार नाही.

"म्हणजे मी मरणार?"

"हो, बाळा."

"केव्हा?"

"माहीत नाही. खरंच नाही माहीत. कुणालाच नाही."

"दुखेल?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी म्हटलं, "दुखलं की सांगायचं आणि आम्ही ते कमी करायचं. दिवसा, रात्री, केव्हाही. घरीसुद्धा येऊ. त्याचंच औषध आहे ते, जे तू सकाळपासून घेतलं नाहीस."

तिनं हात पुढं केला. "मग द्या की."

आईनं चमचा दिला. तिनं चाटूनपुसून घेतला. तोवर आई खाली बसून तिच्या पावलांवर तोंड टेकून रडत होती, नळ न सोडता. पोर बराच वेळ रडली. बापही रडला, फेस सगळा छातीवर आला. टकलूकाका वस्तरा मिटून भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्या कुरतडलेल्या हातांनी नाक पुसत होता.

औषध लागू पडल्यावर वकीलबाईंनी निकाल दिला. घरी जायचं. पुढच्या सीटवर नाही, मागं बसायचं, आणि आरसा सरळ. केस आले म्हणून बरी झालीस असं पुन्हा कुणी म्हणायचं नाही. "आणि इतके दिवस खोटं बोललास म्हणून शिक्षा. काका, डावीकडची दाढी तशीच ठेवा. मी सांगेपर्यंत."

"अर्धीच?" बाप म्हणाला.

"अर्धीच."

त्या अर्ध्या दाढीनं तो पोरीला घेऊन घरी गेला. गाडी गेटातून निघताना मी खिडकीतून बघत होते. त्यानं आरसा खाली ओढला, दोनदा नीट केला आणि जीभ काढून वेडावून दाखवलं.

ती सात आठवडे जगली. टीमबरोबर मीही जायचे. औषध वाढवत गेलो, दुखणं बरंचसं ताब्यात राहिलं. दोनदा राहिलं नाही, तेही सांगते, कारण या गोष्टीत खोटं नको. शाळेतल्या मैत्रिणी येऊन गेल्या. कोणती वही कुणाला, हे तिनं स्वतः ठरवलं. बाप रोज उजवा गाल करायचा आणि डावा सोडायचा. गिऱ्हाइकं हसली की छाती पुढं काढून सांगायचा, "मुलीनं शिक्षा दिलीय." शेवटच्या आठवड्यात तिनं टकलूकाकाला घरी बोलावलं, मशीन स्वतःच्या हातात घेतलं आणि उशीवर टेकूनच बापाचा डावा गाल साफ केला. काकानं तिच्या हाताला खालून आधार दिला. "सुटलास," ती म्हणाली. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली, दोघांच्या मध्ये झोपलेली.

साहेबांनी मला बोलावून घेतलं होतं. आरशाचं काय, विचारलं. मी म्हटलं, आरसा काढायचा नाही. बदलीचा कागद असेल तर द्या, पण आरसा काढायला दुसरी सिस्टर बघा. कागद अजून आलेला नाही. तळघरातले सगळे आरसे मी वर आणले आणि सुताराला सांगून हातभर खाली लावून घेतले, मुलांच्या उंचीवर. मला स्वतःला बघायचं तर वाकावं लागतं.

वकीलबाईंचे बाबा हल्ली मंगळवारी दुपारी गाडी गेटाबाहेर लावतात आणि चादरीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसतात. मी बोलावलेलं नाही. फारसं बोलतही नाहीत. परवा एक नवा बाप मोठ्या डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आला. चेहरा राखेसारखा. माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सिस्टर, माझ्या मुलीला यातलं काही कळता कामा नये. शब्द द्या."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाकावरचा माणूस उठला. त्यानं स्वतःच्या डाव्या गालावरून एकदा हात फिरवला.

"दादा," तो म्हणाला, "दाढी किती वाढलीय तुमची. चला, बसा."